कुंचीतला देव: निकोपोलिसच्या एका नाण्याचं प्रकरण

नाणं रोमन काळातलं, अगदी छोटं आहे. आपल्याकडच्या जुन्या स्टीलच्या दहा पैशांपेक्षा जेमतेम मोठं. व्यास १७ मिलिमीटर, वजन ३.१२ ग्रॅम, धातू कांसं. वर गर्द हिरवा थर आणि उंचवट्यांवर घासून उघडी पडलेली तपकिरी झाक. पुढच्या बाजूला डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला, दाढी न फुटलेला एक मुलगा, उजवीकडे तोंड करून. मागच्या बाजूला डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत गुरफटून घेतलेली बुटकी आकृती. ती थेट समोर बघते आहे. हात आत, टोपीला टोक, खाली दोन पावलं.

आईला सांगलीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती क्षणभरही थांबली नाही. "अगं, कुंचीतलं बाळ आहे हे!"

मी नऊ वर्षं या देवाची नाणी गोळा करते आहे. पुस्तकांत त्याच्या वस्त्राला लॅटिन नाव असतं, पण कुंची हा शब्द मला कधी सुचला नव्हता. डोकं, कान, पाठ सगळं एकाच कापडात झाकणारी बाळाची कुंची. मोठ्या माणसाच्या अंगावर तीच पावसातली घोंगडीची खोळ होते. थंडीवाऱ्यापासून जपायचं आहे अशा जिवाला आपण जे घालतो तेच या देवाच्या अंगावर आहे. त्याचं काम बघितलं की हे वस्त्र किती योग्य आहे ते कळतं.

देवाचं नाव तेलेस्फोरस. ग्रीक नावाचा अर्थ 'शेवटाला नेणारा'. मराठीत मी त्याला 'तडीस नेणारा' म्हणते. अस्क्लेपिओस हा वैद्यांचा मोठा देव, हातात साप गुंडाळलेली काठी. हुगिएया ही त्याची कन्या, आरोग्याची देवता. 'हायजीन' हा शब्द तिच्याच नावावरून आला. या दोघांच्या पायाशी हा लहानसा तिसरा उभा असतो. रोग हटला, ताप उतरला, जखम भरली, तरी माणूस लगेच उठून कामाला लागत नाही. अंगात ताकद यायची असते, तोंडाला चव यायची असते, पथ्य पाळायचं असतं. दुखण्यातून उठण्याचा तो लांबलचक काळ या छोट्या देवाच्या ताब्यात. मी म्युनिकजवळच्या एका पुनर्वसन वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रिया करणारे वेगळे. माझ्याकडे येतात ती माणसं त्यानंतरची. पहिल्यांदा जिना चढणारी, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केस विंचरणारी. मोठ्या देवाला सोडून मी या छोट्याच्या मागे का लागले याचं एवढंच कारण आहे.

त्याची पूजा मुख्यतः पर्गामनची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बेर्गामाची. दुसऱ्या शतकात ग्रीस पालथा घालणारा प्रवासी पाउसानियास तितानेच्या देवळातल्या एवामेरिओन नावाच्या देवाबद्दल लिहिताना म्हणतो, की पर्गामनचे लोक एका देववाणीवरून ज्याला तेलेस्फोरस म्हणतात तो हाच असावा, आणि एपिदाउरोसचे लोक त्याला अकेसिस म्हणतात. त्याच शतकातला वक्ता एलियस अरिस्तिदेस पर्गामनच्या अस्क्लेपिओस-मंदिरात महिनोन्महिने उपचारासाठी राहिला होता. त्याने आपल्या दुखण्यांचं आणि स्वप्नांचं जे दीर्घ टिपण ठेवलं, त्यातही हा देव येतो. पर्गामनहून त्याची ओळख आशिया मायनरभर आणि पुढे थ्रेस, मोएसिया या आजच्या बल्गेरियाकडच्या प्रांतांपर्यंत गेली. पाउतालिया (आजचं क्युस्तेंदिल) आणि सेर्दिका (आजचं सोफिया) या गावांत गरम पाण्याचे झरे आहेत. तिथल्या नाण्यांवर वैद्यदेवांचं हे कुटुंब वारंवार दिसतं.

ही नाणी रोमच्या टांकसाळीतली नाहीत. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या शेकडो शहरांना रोजच्या व्यवहारासाठी स्वतःची तांब्या-कांशाची नाणी पाडायची मुभा होती. पुढे सम्राटाचं डोकं, मागे गावाचा देव, देऊळ किंवा नदी, आणि अक्षरं ग्रीक. असं नाणं त्या गावात आणि आसपास चाले, फार लांब जात नसे. भारतात सापडलेली रोमन नाणी म्हटली की डोळ्यांसमोर ऑगस्टस आणि तिबेरियसची चांदीसोन्याची नाणी येतात. व्यापारात किंमत होती ती त्या धातूला. हे कांशाचं चिल्लर डॅन्यूबच्या खोऱ्यातून समुद्र ओलांडून येण्याचं काहीच कारण नव्हतं.

मेळाव्यातली खरेदी

गेल्या हिवाळ्यात एका नाणे-मेळाव्यात एका वयस्कर विक्रेत्याच्या ट्रेमध्ये हे नाणं दिसलं. पाकिटावर सम्राट, गाव, देव आणि किंमत अशा क्रमाने लिहिलं होतं: एलागाबालस, निकोपोलिस, तेलेस्फोरस, ९० युरो. सोबत पिवळी पडलेली, पेन्सिलीने लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. मी घेतलं ते त्या चिठ्ठीसाठी. तिच्यावर '५.६८' होतं, म्हणजे मे १९६८.

या तारखेचं महत्त्व सांगायला हवं. बल्गेरियातली प्राचीन गावं गेल्या काही दशकांत मेटल डिटेक्टर घेतलेल्या चोरट्यांनी अक्षरशः चाळून काढली आहेत आणि निकोपोलिसही त्यातून सुटलेलं नाही. रात्रीत खणलेल्या खड्ड्यातून नाणं बाजारात येतं, पण ते कुठल्या घरात, कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडलं होतं ही माहिती त्या खड्ड्यातच मरते. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० सालचा. त्याआधीपासून एखाद्या संग्रहात असलेलं नाणं निदान या लुटीतलं नाही, एवढी खात्री मिळते. कागद नसलेलं नाणं कितीही देखणं असलं तरी मी घेत नाही. माझी नाणी मी भारतात आणतही नाही. आपल्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि एकदा देशात आलं की खासगी माणसाला ते पुन्हा बाहेर नेता येत नाही. हा कायदा मला योग्यच वाटतो. पण माझी नाणी ज्या अभ्यासाच्या कामी येतील तो अभ्यास इकडे चालतो.

पण मेळाव्यातली चिठ्ठी कुठल्याही नाण्याला चिकटवता येते. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम, ही चिठ्ठी याच नाण्याची आहे का ते बघणं. चिठ्ठीवर ओळीने होतं: एलागाबाल, निकोपोलिस, तेलेस्फोरोस समोरून, कडेला ७ वाजता खाच, ३,३१ ग्रॅम, १२ मार्क. आणि मध्येच 'गेस. फेर.' असे दोन तोडलेले शब्द, जे मला तेव्हा लागले नाहीत. नाणं घड्याळासारखं समोर धरलं. सातच्या जागी, मुलाच्या खांद्याखाली, कडेला नखाच्या टोकाएवढी खाच होती. तळाशी जुनाच हिरवा थर असलेली, म्हणजे अलीकडची नव्हे. चिठ्ठी याच नाण्याची.

वजन मात्र जुळलं नाही. ३.३१ कुठे, ३.१२ कुठे.

आधी माझ्या काट्यावर संशय घेतला. एक सेंटचं नवं नाणं २.३० ग्रॅमचं असतं, एक युरोचं ७.५०. दोन्ही ठेवून पाहिली, काटा बरोबर होता. १९६८ च्या घरगुती तराजूत थोडी चूक धरली, तरी ०.१९ ग्रॅम हा या आकाराच्या नाण्यात लहानसहान फरक नव्हे. तेवढं द्रव्य मधल्या काळात नाण्यावरून गेलं होतं.

दोन अंतोनिनुस

वजनाचं कोडं बाजूला ठेवून मी नावाकडे वळले, कारण नावही मला खटकत होतं.

पुढच्या बाजूची अक्षरं डावीकडून अशी वाचता येतात: आल्फा-उप्सिलॉन, कॅप्पा, मू, आल्फा-उप्सिलॉन-रो, मग आल्फा-नू-ताउ-ओमेगा-नू, आणि पुढे कड घासलेली. उलगडून सांगायचं तर 'सम्राट सीझर मार्कस ऑरेलियस अंतोनिनुस'. घोटाळा इथेच आहे. या नावाचे दोन मुलगे वीस वर्षांच्या अंतराने सम्राट झाले. आपण ज्याला काराकाला म्हणतो तो आणि ज्याला एलागाबालस म्हणतो तो. ही दोन्ही नावं पडली ती लोकांच्या तोंडी; नाण्यावर दोघेही अंतोनिनुसच.

काराकाला १८८ साली जन्मला आणि बाप सेप्टिमियस सेव्हेरस जिवंत असतानाच १९८ मध्ये, दहाव्या वर्षी, सहसम्राट झाला. एलागाबालस २१८ मध्ये गादीवर बसला तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि २२२ मध्ये मारला गेला. म्हणजे काराकालाची सुरुवातीची नाणी आणि एलागाबालसची नाणी दोन्हींवर बिनदाढीचा मुलगा, तेच नाव, तोच मुकुट. निकोपोलिसच्या मोठ्या नाण्यांवर प्रांताधिपतीचंही नाव असतं. ऑरेलियस गालस असेल तर सेव्हेरसचा काळ, नोव्हियस रूफस असेल तर एलागाबालसचा, आणि वाद मिटला. पण १७ मिलिमीटरच्या चिल्लरवर एवढं लिहायला जागाच नसते. एलागाबालसच्या मोठ्या नाण्यांवर 'अंतोनिनोस'मधला मधला स्वर पुष्कळदा एप्सिलॉन-योटा अशा दोन अक्षरांनी लिहिलेला दिसतो. माझ्या नाण्यावर कड नेमकी तिथेच घासलेली. प्रांतिक नाण्यांच्या प्रमाण सूचीतही हे दोघे वेगवेगळ्या खंडांत आहेत, काराकाला पाचव्यात आणि एलागाबालस सहाव्यात. त्यामुळे ज्याने आधीच मनाशी नाव ठरवलं तो दुसरा खंड उघडतच नाही. १९६८ सालच्या त्या संग्राहकाचंही असंच काही झालं असावं, आणि विक्रेत्याने चिठ्ठीवरून नाव उतरवून घेतलं. यात कुणाचा खोटेपणा नाही. अशाच सज्जन हातांतून चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते.

चेहऱ्यावरून ओळखावं तर? लोक सांगतात, एलागाबालसचे ओठ जाड, काराकालाची हनुवटी आखूड. रोमच्या चांदीच्या नाण्यांवर हे काही प्रमाणात खरं आहे. पण निकोपोलिसच्या कारागिराने यांपैकी कुणाला कधी पाहिलं होतं? तो दुसऱ्या नाण्यावरून मुलगा कोरत होता. नुसत्या चेहऱ्यावर मी निकाल देणार नव्हते.

गेस. फेर.

ते दोन शब्द सोडवले आमच्या वॉर्डातल्या एका ज्येष्ठ नर्सने. हाताने लिहिलेले केसपेपर वाचण्यात तिची हयात गेली आहे. जेवणाच्या सुट्टीत मी चिठ्ठीचा फोटो तिच्यापुढे धरला. तिने चष्मा वर केला आणि लगेच वाचलं: 'गेझिश्ट फेररीबन'. चेहरा घासलेला.

मी हातातला डबा तसाच ठेवून मोबाइलवर नाण्याचा मोठा फोटो उघडला. कुंचीच्या कडेत दोन डोळे, सरळ नाक आणि तोंडाची बारीक रेघ, सगळं स्वच्छ दिसत होतं. मेळाव्यात मी ज्यावर भाळले होते तो हाच चेहरा. या आकाराच्या नाण्यावर तेलेस्फोरसचा चेहरा शाबूत मिळणं दुर्मीळ, कारण तो समोरून असतो आणि नाक हा नाण्याचा सर्वांत उंच बिंदू ठरतो. हातोहात फिरताना पहिलं झिजतं ते तेच.

१९६८ मध्ये त्याला चेहरा नव्हता.

संध्याकाळी टेबलावर एकच दिवा ठेवला, अगदी आडवा, प्रकाश नाण्याच्या पृष्ठभागावरून सरपटत जाईल असा. दहापटीच्या भिंगातून पाहिलं. खऱ्या ठशातून उमटलेल्या रेषेच्या कडा किंचित गोलसर असतात, कारण हातोडा बसला की धातू वाहून ठशाच्या खळग्यात शिरतो. त्या रेषेवरचा हिरवा थर शेजारच्या सपाटीवरून अखंड पुढे जातो. इथे डोळ्यांच्या रेघा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, टोकदार तळाच्या. आतला रंग बाहेरच्या हिरव्यापेक्षा सपाट, नंतर लावल्यासारखा. सगळ्यांत स्पष्ट पुरावा चेहऱ्याच्या भोवती होता. कुंचीच्या कडेची आतली बाजू खरवडून खोल केली होती, म्हणजे मधला घासलेला उंचवटा आपोआप वर आला आणि त्यावर नाकडोळे कोरता आले. हनुवटीखाली कोरणी निसटून गेलेला एक केसाएवढा ओरखडाही सापडला.

बाजारात याला टूलिंग म्हणतात. नाणं खरंच असतं, फक्त कुणीतरी कोरणी घेऊन त्याला 'सुधारतं', म्हणजे भाव वाढतो. मोठ्या नाण्यांवर केस आणि पिसं कोरलेली मी पुष्कळ पाहिली होती. या चिल्लरसाठी कुणी एवढी मेहनत घेईल असं वाटलं नव्हतं. वजनाचाही उलगडा झाला. खरवडण्यात गेलेलं द्रव्य थोडं. पण त्याआधी नाणं साफ करताना जाड थराचा बराच भाग उतरवलेला दिसत होता, कारण पुढच्या बाजूला मुलाच्या मानेमागे जुन्या जाड थराचं एक बेट तेवढं राहिलं आहे.

मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं. पैशांचं नव्हे. घासलेला चेहरा ही त्या नाण्याची कमाई होती. निकोपोलिसच्या बाजारात भाजीपाल्याला, तेलाला, स्नानगृहाच्या दाराशी ते दिलं-घेतलं गेलं, शेकडो अंगठे त्या नाकावरून फिरले, म्हणून ते झिजलं. कुणा आजाऱ्याने मुठीत धरून ठेवलंही असेल. ती झीज पुसून त्यावर विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातल्या एका अनोळखी माणसाने स्वतःच्या कल्पनेतला चेहरा बसवला. तो चेहरा देवाचा नाही, आणि आता तो काढताही येत नाही.

तडा

नाणं परत करायचं ठरवलंच होतं. परत करण्याआधी नोंद पूर्ण असावी म्हणून त्याच ठशातून पाडलेलं दुसरं नाणं शोधायला बसले.

ठशाचं तत्त्व सोपं आहे. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे दोन ठसे कधी तंतोतंत सारखे नसतात. अक्षराचं चित्राशी असलेलं नातं पाहायचं. माझ्या नाण्याच्या मागे 'निकोपोलिति' असं शहराचं नाव डावीकडून चढतं आणि 'प्रोस इस्त्रोन'मधलं पाय (Π) हे ग्रीक अक्षर कुंचीच्या टोकाला टेकतं. सिग्मा इथे चंद्रकोरीसारखे. सगळ्याचा अर्थ 'इस्त्रोसकडच्या निकोपोलिसकरांचं'. निकोपोलिस म्हणजे विजयनगर. दाकियाच्या लोकांना हरवल्यावर त्रायान सम्राटाने ते वसवलं. इस्त्रोस म्हणजे डॅन्यूब, जरी गाव नदीच्या काठावर नसून बरंच दक्षिणेला, यांत्रा आणि रोसित्सा या नद्यांच्या संगमापाशी होतं. आज तिथे निक्यूप नावाचं खेडं आहे.

बर्लिनच्या अकादमीत मोएसिया, थ्रेस, मिसिया आणि त्रोआस या प्राचीन प्रदेशांच्या नाण्यांचा 'कॉर्पस नुम्मोरुम' हा खुला संगणकीय संग्रह चालतो. तो चाळला, मग लिलावांचे जुने फोटो चाळले. निकोपोलिसचे तेलेस्फोरस एकामागून एक डोळ्यांखालून घातले. पाय हे अक्षर टोकाला टेकलेलं, पहिला ओमिक्रॉन शेजारच्यापेक्षा लहान, उजवं पाऊल डाव्याच्या किंचित वर. चौथ्या रात्री तो सापडला. मागचा ठसा हुबेहूब तोच. पुढच्या बाजूला मात्र मुलगा नव्हता. दुभंगलेल्या दाढीचा प्रौढ पुरुष होता आणि अक्षरं पूर्ण वाचता येत होती. सेप्टिमियस सेव्हेरस, काराकालाचा बाप.

एका टांकसाळीत बाप आणि मुलगा यांच्या पुढच्या ठशांसोबत मागचा एकच ठसा वापरला जाणं नेहमीचं. कारागीर हाताला येईल तो ठसा लावत. सेव्हेरस फेब्रुवारी २११ मध्ये वारला आणि एलागाबालस आला २१८ मध्ये. तरीही कुणी म्हणेल की ठसा सात वर्षं कपाटात पडून होता आणि पुन्हा बाहेर काढला. मला ते पटत नाही, पण अशक्य आहे असं नुसत्या ठशावरून म्हणता येणार नाही.

तेव्हा तो तडा दिसला.

हातोड्याच्या घावांनी ठशाला तडा जातो. तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर त्या जागी बारीक उंच रेघ उमटते. माझ्या नाण्यावर चारच्या जागी कडेपासून आत येणारी अशी रेघ आहे. ती दोन अक्षरांमधून जाते आणि कुंचीच्या कडेच्या अलीकडे थांबते. सेव्हेरसच्या नाण्यावर तीच रेघ, त्याच दोन अक्षरांमधून, पण ती थांबत नाही. कुंचीच्या कडेतून आत शिरून गुडघ्यापर्यंत जाते.

ठशाचा तडा वाढतो, कधी आखूड होत नाही. म्हणजे माझं नाणं आधी पाडलं गेलं आणि सेव्हेरसचं नंतर. सेव्हेरसचं नाणं तो जिवंत असतानाचं, २११ च्या आतलं. मग त्याच्याही आधीचं माझं नाणं एलागाबालसचं असूच शकत नाही. त्या वेळी एलागाबालस फार तर सहा-सात वर्षांचं मूल होतं आणि त्याचं नाव अंतोनिनुस नव्हतं.

इथे मी स्वतःलाच अडवलं. माझ्या नाण्यावर रेघ आखूड दिसते ती झिजेमुळे तर नाही? तपासलं. रेघ थांबते त्या जागेच्या दोन्ही बाजूंची अक्षरं ठळक आहेत आणि कुंचीची कड तिथे धारदार आहे. एवढ्याशा जागेत अक्षरं टिकावीत आणि मधली रेघ तेवढी झिजावी असं होत नाही. आणि जो हात चेहऱ्यावर चालला तोच इथेही चालला असेल तर? आडव्या उजेडात तिथला हिरवा थर सपाटीवरून रेघेवर आणि रेघेवरून पुन्हा सपाटीवर अखंड जातो. उंच रेघ कोरून बनवायची तर भोवतालची सगळी सपाटी खाली न्यावी लागते, आणि रेघ पुसली असती तर थर तुटला असता. दोन्हींपैकी काहीच झालेलं नाही. कोरणी चेहऱ्यापुरतीच चालली होती.

म्हणजे पुढच्या बाजूचा मुलगा काराकाला, १९८ नंतरचा आणि २११ आधीचा. बिनदाढीचा आहे म्हणून मी या काळाच्या सुरुवातीकडे झुकते. हाच मुलगा मोठेपणी, २१४ मध्ये, आजारी अवस्थेत पर्गामनला अस्क्लेपिओसच्या देवळात उपचारासाठी गेला. पर्गामनने त्या भेटीची मोठमोठी सुंदर नाणी काढली. दुसऱ्या वर्षी रोमच्या टांकसाळीतून निघालेल्या त्याच्या दिनारावर अस्क्लेपिओसच्या पायाशी हा कुंचीवाला उभा आहे. रोमच्या नाण्यांवर त्याला एरवी फारशी जागा मिळालेली नाही. निकोपोलिसच्या कारागिराला यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. गावाच्या चिल्लरवर एका बाजूला तो पोर आणि दुसऱ्या बाजूला पुढे ज्याच्या दारी त्याला जावं लागणार होतं तो देव, असे ते दोघे आधीच पाठीला पाठ लावून उभे होते.

विक्रेत्याकडे

फोन केला. तडा, ठसा, चिठ्ठी, वजन, चेहरा, सगळं सांगितलं. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. चेहऱ्याचं ऐकून म्हणाले, नाणं त्यांच्याकडे एका वारसाकडून, चिठ्ठीसकट, पण मधल्या एका मालकाच्या हातून आलं होतं. त्या मधल्या हाताबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पैसे पूर्ण परत देतो, म्हणाले.

मी नाणं ठेवायचं ठरवलं. परत गेलं असतं तर चिठ्ठीसह पुन्हा ट्रेमध्ये गेलं असतं, कदाचित पुन्हा एलागाबालस म्हणून, आणि त्या खोट्या चेहऱ्याने पुन्हा कुणाला तरी भुरळ घातली असती. ९० युरोंऐवजी ३५ वर आमचं ठरलं. कोरलेल्या नाण्याला तेवढेही जास्त म्हणणारे आहेत. पण निकोपोलिसचा तो ठसा आखूड तड्याच्या अवस्थेत मी आजवर एवढाच पाहिला आहे, आणि ते माझ्या दृष्टीने चेहऱ्यापेक्षा मोलाचं आहे.

जुन्या चिठ्ठीवर मी काहीही खोडलं नाही. चुकीचं नाव असलं तरी त्या माणसाने वजन अचूक लिहिलं, खाच टिपली आणि चेहरा घासलेला आहे हे प्रामाणिकपणे नोंदवलं. त्या तीन नोंदी नसत्या तर मला काहीच कळलं नसतं. ती चिठ्ठी आहे तशी ठेवून मागे नवी लावली: 'काराकाला, १९८ ते २११. निकोपोलिस. मागचा ठसा सेप्टिमियस सेव्हेरसच्या नाण्याशी समान, तडा त्याहून आखूड. चेहरा मे १९६८ नंतर कोरलेला. ३.१२ ग्रॅम.' वजन मुद्दाम दोन दशांशांपर्यंत लिहिलं, पुढच्या माणसासाठी.

दोन आठवड्यांनी त्या गृहस्थांचाच फोन आला. त्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या असलेली आणखी चार नाणी त्यांच्याकडे निघाली होती. विकण्याआधी तुम्ही एकदा बघून जाल का, असं त्यांनी विचारलं, आणि काटा घेऊन या म्हणाले. शनिवारी गेले. त्यांनी कॉफी ठेवली आणि पहिलं पाकीट पुढे सरकवलं. पाउतालियाचं छोटं नाणं, तेलेस्फोरस एकटा, चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा. चिठ्ठीवर वजन २,८८. मी नाणं काट्यावर ठेवलं आणि आकडे थांबायची वाट पाहत आम्ही दोघेही वाकून बसलो.

२.८७.